पिकअपला ऑल-टेरेन की ऑल-सीझन? एकाच गाडीवर दोन्ही संच वापरून झाल्यावर

आधी निकाल सांगून टाकतो, ज्यांना घाई आहे ते मोकळे. माझ्या पिकअपवर आधी ऑल-टेरेन टायर होते (कच्च्या आणि पक्क्या दोन्ही रस्त्यांसाठी बनवलेले), ते ५८ हजार किमी चालवले, आता ऑल-सीझन आहेत (मुख्यतः डांबरी रस्त्यासाठीचे), त्यांचे २२ हजार झालेत, आणि मी परत ऑल-टेरेनकडे जाणार नाहीये. गाडी तीच, साइझ तीच, चालवणारा मीच. ऑल-सीझनने मला एकदा चांगलं तोंडावर पाडलंय, तेही खाली येईल.

ऑल-टेरेन घेतले तेव्हा घरात सांगितलं की साइटचा रस्ता खराब आहे. खरं कारण म्हणजे दिसतात भारी. नक्षीच्या जाड गोट्या, म्हणजे रबराचे उठावदार ठोकळे, साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, उठावाची पांढरी अक्षरं, गाडी उभी असली तरी कुठून तरी डोंगर उतरून आल्यासारखी वाटते. रोजच्या साठ किमीत कच्चा रस्ता किती हे मी कधी मोजलंच नव्हतं, नंतर एकदा मुद्दाम मीटर बघत गेलो तर तीन किमी भरला. म्हणजे तीन किमीसाठी मी सत्तावन्न किमी आवाज ऐकत होतो.

आवाज पहिल्या दिवसापासून नव्हता हां. नवीन असताना चांगले शांत होते, कंपन्या गोट्यांचे आकार मुद्दाम लहानमोठे ठेवतात म्हणजे सगळा आवाज एकाच सुरात जमत नाही, आणि ते काम करतं. पण साधारण पंधरा हजारांनंतर ऐंशीच्या स्पीडला गुंगुं सुरू झालं, मला वाटलं बेअरिंग गेलं, बेअरिंग तपासून घेतलं, ते ठणठणीत. मग गॅरेजवाल्याने माझाच हात धरून टायरवर फिरवला. एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत, उलट फिरवला तर करवत. प्रत्येक गोटीची एक कड घासलेली आणि दुसरी उभी. रोटेशन, म्हणजे टायरांच्या जागा आपसात बदलणं, दर आठ-दहा हजारांना करायचं असतं, मी पंधरा हजार एकदाही केलं नव्हतं, त्यामुळे दोष अर्धा माझा. पण सुट्या मोठ्या गोट्यांचा टायर हा हलगर्जीपणा माफ करत नाही, ऑल-सीझनच्या जोडलेल्या पट्ट्या थोडाफार करतात. आणि एकदा करवत झाली की रोटेशन केलं तरी ती पूर्ण जात नाही, पुढचे त्रेचाळीस हजार मी रेडिओ दोन घर वर ठेवून काढले.

आवाजाचं एकवेळ सहन होतं, मला जास्त खटकलं ते ओल्या डांबरावर. पिकअपची गंमत अशी की हौदा रिकामा असला की मागच्या चाकांवर वजनच नसतं. पहिल्या पावसात, नुसता शिडकावा, रस्त्यावर तेलकट थर आलेला, सर्कलवरून वळताना जरा ॲक्सिलरेटर दिला आणि मागची बाजू हळूच बाहेर निघाली. काही झालं नाही, सावरली, पण पोटात गोळा आला. लोक म्हणतात एवढ्या खोल खाचा आहेत तर पाण्यात भारी पकड असणार, आणि साचलेलं पाणी बाजूला सारायला खाचा उपयोगी पडतात हे खरंय, पण ओल्या रस्त्यावर पकड देतं ते जमिनीला टेकलेलं रबर. ऑल-टेरेनमध्ये खाच जास्त म्हणजे टेकणारं रबर कमी, उंच गोट्या ब्रेक मारताना वाकतात, आणि खडीत तुकडे पडू नयेत म्हणून रबराचं मिश्रणही बहुतेक वेळा कडक असतं. सगळेच ऑल-टेरेन असे वाईट नसतात, गोटीवर बारीक चिरा भरपूर असतील तर फरक पडतो, घेताना त्या चिरा बघा आणि किती खोलवर गेल्यात तेही बघा, काहींच्या अर्ध्यातच संपतात म्हणजे टायर अर्धा झिजला की त्या गायब.

वजनाचं तर कोणी सांगतच नाही. एकाच साइझमध्ये साध्या ऑल-सीझनपेक्षा दहा प्लायचा, म्हणजे जास्त वजनासाठी मजबूत बनवलेला ऑल-टेरेन चाकामागे चार-पाच किलो जड सहज निघतो, ते वजन फिरतं असतं, वेग घेताना जाणवतं, ब्रेक मारताना जाणवतं, आणि टाकीमागे माझे चाळीस-पन्नास किमी कमी व्हायचे.

आता दुसरी बाजू. त्या ५८ हजारांत एकही साइडवॉल कापली गेली नाही, आणि त्या तीन किमीत नुकतीच फोडलेली धारदार खडी टाकलेली असायची. ओल्या गवताचा चढ फोर-व्हीलमध्ये सहज निघायचा. खडीत हवा अठरा-वीस पीएसआयवर आणली की टायर पसरतो, दगडावरून उड्या मारायच्या ऐवजी दगड गिळल्यासारखा चालतो, फक्त डांबरावर येताच परत भरायची, नाहीतर टायर तापून मरतो. चिखलाचं मात्र गैरसमजातून घेऊ नका. चिकट मातीत ऑल-टेरेनच्या खाचा दोन फेऱ्यांत भरून जातात आणि मग तोही गुळगुळीतच, खऱ्या चिखलासाठी मड-टेरेन लागतात आणि ते रोज रस्त्यावर चालवणं म्हणजे शिक्षा.

तसे हे दोन्ही प्रकार जवळजवळ एकाच वयाचे. बीएफगुडरिचचा ऑल-टेरेन टी/ए १९७६ चा आणि गुडइयरचा टिएम्पो हा ऑल-सीझन रेडियल १९७७ चा, म्हणजे हा वाद आपल्यातल्या बऱ्याच जणांपेक्षा मोठा आहे.

मग ऑल-सीझन घ्यायला गेलो आणि इथे माझी दुसरी चूक होता होता राहिली. माझी साइझ २६५/७० आर १७. दुकानात त्याच साइझचा सुंदर शांत ऑल-सीझन होता, टायरवाला म्हणाला, दादा साइझ तीच आहे, बसतोय की. बसतोय हे मलाही दिसत होतं, वजन किती घेतो ते सांग म्हणलं. तर साइडवॉलवर ११५ टी. ११५ म्हणजे एका टायरवर १२१५ किलो, टी म्हणजे १९० किमीचा स्पीड. ऐकायला भरपूर वाटतं. पण हा टायर कार-एसयूव्हीच्या मापाचा आहे, आणि असा टायर पिकअपवर लावला तर अमेरिकन मानकात त्याची क्षमता १.१ ने भागायची असते, म्हणजे राहिले ११०४ च्या आसपास. त्याच साइझचा एलटी, म्हणजे लाइट ट्रकवाला, लोड रेंज ई, म्हणजे दहा प्लायच्या मजबुतीचा, घेतला तर आकडा १२१, म्हणजे १४५० किलो. मागच्या एक्सलवर दोन टायर धरले तर २२०८ आणि २९०० हा फरक आहे. हौद्यात सिमेंटच्या गोण्या आणि मागे ट्रेलर लावणाऱ्या माणसाने नक्षी बघायच्या आधी हा आकडा बघायला पाहिजे. मी पन्नास लोकांना ऑल-टेरेन की ऑल-सीझन विचारलं असेल, त्यातल्या एकानेही मला उलट विचारलं नाही की हौद्यात भरतोस किती.

आणि याची दुसरी बाजू अशी की ज्यांचा हौदा कायम रिकामा आणि गाडी नुसती घर-ऑफिस आहे त्यांनी लोड रेंज ई घेऊ नका, ऑल-सीझनमध्ये पण नाही. कडक बसतं, खड्ड्यात दात वाजतात. तुमच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर कंपनीने जो लोड इंडेक्स, म्हणजे ११५-१२१ सारखा वजनाचा आकडा, धरलाय त्याच्या खाली जायचं नाही, बास.

एलटीचं हवेचं गणितही वेगळं. तो १४५० चा आकडा ८० पीएसआय भरल्यावरचा आहे, ३५ वर नाही. स्टिकरवरची हवा गाडीबरोबर आलेल्या टायरची असते, तिथे साधा टायर आला असेल आणि तुम्ही एलटी लावला तर तेवढंच वजन उचलायला जास्त हवा लागते. टायर कंपनीचा लोड-प्रेशरचा तक्ता असतो, तो बघूनच भरा. मी पहिले दोन आठवडे जुन्याच आकड्यावर चालवत होतो, वळणावर गाडी झोकांड्या खातेय म्हणून टायरला शिव्या देत होतो.

बर्फात चालवणाऱ्यांसाठी एक. साइडवॉलवर एम प्लस एस लिहिलेलं असतं ते नक्षीच्या रचनेवरून लावतात, त्यासाठी बर्फावर चाचणी द्यावी लागत नाही. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असेल तर तो टायर दाबलेल्या बर्फावर पकडीची चाचणी पास झालेला असतो. यात ऑल-टेरेनवाल्यांना मजा आहे, बऱ्याच ऑल-टेरेनवर हे चिन्ह असतं आणि बऱ्याच ऑल-सीझनवर नसतं, नावात ऑल सीझन असूनसुद्धा. पण काचेसारखा गोठलेला रस्ता असेल तर दोन्ही विसरा, तिथे विंटर टायरच.

साइझ वाढवायचा मोह मलाही झाला होता, २८५/७० आर १७. गणित केलं तर व्यास ८०३ मिमीवरून ८३१, म्हणजे साडेतीन टक्के, मीटर शंभर दाखवतो तेव्हा गाडी १०३-१०४ ला असते, शिवाय पूर्ण वळवल्यावर फेंडरच्या आत घासायची भीती. सोडून दिलं.

शेवटी एलटी ऑल-सीझन घेतले, तारीख बघून. साइडवॉलवर डीओटी अक्षरांपासून सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मला आधी जे चार काढून दाखवले त्यातला एक बाकी तिघांपेक्षा दोन वर्षं जुना होता, परत पाठवला.

पहिल्या दिवशी हायवेला गेलो आणि डॅशबोर्डमधली खडखड ऐकू आली, जी बहुतेक तीन वर्षं होतीच. ओल्या सर्कलवर मुद्दाम तसाच गेलो, मागची बाजू जागची हलली नाही. दोनदा रोटेशन केलंय, हात फिरवला तर करवत नाही. खडीत मात्र हवा कमी करायला जीव धजत नाही, आणि ओल्या गवताच्या त्याच चढावर एकदा चाकं नुसती जागेवर फिरली, उलट्या गिअरमध्ये खाली यावं लागलं.

आणि तो तोंडावर पाडणारा प्रसंग. अठरा हजारांवर, त्याच तीन किमीत, खडीतून वर आलेला सळईचा तुकडा मागच्या डाव्या टायरच्या साइडवॉलमध्ये. पंक्चरवाल्याने बोट घालून दाखवलं आणि मान हलवली. नक्षीच्या मधल्या भागात सहा मिमीपर्यंतचं भोक असेल तर आतून पॅच लावून निघतं, साइडवॉलला इलाज नाही. सळईपुढे ऑल-टेरेन तरी टिकला असता का, देव जाणे, पण हौद्यातला माणूस म्हणालाच, जुने होते तेव्हा कधी असं झालं नाही.

स्टेपनीला मी जुन्या संचातला त्यातल्या त्यात बरा एक ठेवला होता, तो लावला. चारही चाकं सारखी झिजलेली नसली तर व्यास वेगवेगळा होतो आणि घट्ट जमिनीवर फोर-व्हीलमध्ये ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सवर, ताण येतो, म्हणून नवीन जोडीदार येईपर्यंत चार दिवस टू-व्हीलवरच काढले. त्या चार दिवसांत गाडीच्या फक्त मागच्या डाव्या कोपऱ्यातून गुंगुं यायचं, आणि शेजारी बसलेला प्रत्येक जण विचारायचा, बेअरिंग गेलंय का?