धुराड्याला लोकरीचं बूच: एक हिवाळा वापरून

आमची फायरप्लेस देखणी आहे, पण थंडीत तिच्यासमोर बसलं की घोटे गारठायचे. धुराड्याच्या गळ्याशी असलेली लोखंडी झडप, म्हणजे डॅम्पर, तर बंदच असायचा. मग वारा कुठला? एका रात्री उदबत्ती पेटवून आत धरली, तर धूर कुणीतरी ओढून घेतल्यासारखा सरळ वर. टॉर्च मारून पाहिलं. वर्षानुवर्षं तापून झडप एका कोपऱ्यात वाकली होती आणि त्या फटीत माझं बोट आरामात गेलं असतं.

म्हणजे गारठा धुराड्यातून उतरत नव्हताच. गरम हवा तिथून वर पळत होती आणि तिची जागा भरायला बाहेरची गार हवा दाराखालून, जमिनीलगत येत होती. हीटर आम्ही लावायचा आणि ऊब आभाळाला वाटायची.

आधी फुगवायचा प्लॅस्टिकचा फुगा आणला. दोन आठवड्यांत हवा कमी होऊन तो एका सकाळी राखेत पडलेला सापडला. मग हे लोकरीचं बूच घेतलं. मेंढीची लोकर दाबून केलेली जाड गादीच म्हणा, मधोमध दांडा. पहिल्यांदा चूक माझीच झाली: मी फायरप्लेसच्या तोंडाचं माप घेतलं. माप घ्यायचं ते आत, झडपेच्या खालच्या गळ्याचं, आणि बूच त्याहून थोडं मोठं हवं, तरच ते दाबून बसतं. बदलून घ्यावं लागलं. बसवताना जमिनीवर जुनी चादर आणि डोक्याला रुमाल हवाच. मी रुमाल विसरले आणि तीन वेळा केस धुतले.

बसवल्यावर पुन्हा उदबत्ती धरली. धूर जरा घुटमळला, वेटोळी घेत खोलीतच पसरला. त्या रात्री पहिल्यांदा मोजे न घालता बसले. वाऱ्याची घरघर जवळपास गेली, काजळीचा वासही. पाऊस पडला की थोडा येतो अजून.

तक्रार दोन गोष्टींची. बूच गोल, आमचा गळा चौकोनी, त्यामुळे कोपऱ्यांत फटी राहिल्या. लोकरीच्या पट्ट्या कोंबून त्या मी बुजवल्या. दांडाही आखूड आहे, काढताना हात खांद्यापर्यंत आत घालावा लागतो.

लोकरच का? ती प्लॅस्टिकसारखी वितळत नाही आणि सहज पेटही घेत नाही, काळी पडून विझते. थोडी दमट हवाही तिच्यातून जाते, त्यामुळे धुराडं आतून कोंदत नाही. फटीत काचेची लोकर, म्हणजे काचेच्या बारीक तंतूंचं ग्लासवूल, कोंबायचा सल्ला आम्हाला एकाने दिला होता. तिचे बारीक कण खोलीत झडतात, नको ते.

पण हे बूच अग्निरोधक नाही. विस्तव पेटवायच्या आधी ते काढायचं, आणि राख पूर्ण गार झाल्याशिवाय परत लावायचं नाही. राखेखाली निखारे दुसऱ्या दिवशीही जिवंत असतात. गॅसची फायरप्लेस असेल, त्यात छोटी ज्योत सतत जळत असेल, तर हे घेऊच नका. धूर अडला तर कार्बन मोनॉक्साईड घरात साठेल, आणि त्याला ना रंग ना वास. विक्रेत्याने ही सूचना माहितीपत्रकाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत छापली आहे. त्यासाठी माझ्याकडून एक तारा कमी.

रोज शेकोटी पेटवणाऱ्यांनी काढघालीच्या भानगडीत पडू नये. त्यांना काचेच्या दाराचा बंदिस्त इन्सर्ट, म्हणजे फायरप्लेसच्या आत बसणारी शेगडी, किंवा धुराड्याच्या माथ्यावर बसणारा, साखळीने उघडणारा डॅम्पर बरा. आम्ही वर्षातून चार-पाचदाच पेटवतो.

बूच आत आहे याची आठवण राहावी म्हणून त्यासोबत आलेली लाल पट्टी आता दांड्याला लोंबकळते आहे. "हे काय लटकलंय?" असं प्रत्येक पाहुणा विचारतो. पाच ताऱ्यांपैकी चार.