लुआ ५.४ ची एरर हाताळणी: यंत्रणा चोख, पण होस्ट गाफील नको

स्क्रिप्टमधल्या चुकीने अख्खं ॲप्लिकेशन बंद पडू नये, एवढी साधी अपेक्षा असते. लुआ ही दुसऱ्या ॲप्लिकेशनमध्ये, म्हणजे होस्टमध्ये, बसवायची स्क्रिप्टिंग भाषा. ती ही अपेक्षा पुरी करते, पण कॉल 'लुआ_पीकॉल'मधून (एरर अडवणारा कॉल) केला तरच. 'लुआ_कॉल' (एरर न अडवणारा कॉल) उघड्यावर वापरला आणि एरर आली, की पॅनिक फंक्शन (कुणीही न अडवलेल्या एररला चालणारं) चालतं आणि पाठोपाठ 'अबॉर्ट', म्हणजे प्रोग्रॅम तिथेच बंद. नुसतं ग्लोबल वाचतानाही मेटामेथडमुळे (टेबलचं नेहमीचं वागणं बदलणारं फंक्शन) एरर येऊ शकते. म्हणून लुआशी होणारं सगळं काम एका सी फंक्शनमध्ये घालून तेच पीकॉलने चालवलेलं बरं.

पीकॉलचा चौथा आर्ग्युमेंट म्हणजे मेसेज हँडलरचा (एरर आल्यावर चालणारं फंक्शन) स्टॅकवरचा, म्हणजे लुआ आणि सी ज्यातून व्हॅल्यू देतात-घेतात त्या यादीतला, इंडेक्स. तिथे शून्य टाकून मोकळं झालं, की लॉगमध्ये जेमतेम एक ओळ मिळते. पीकॉल परतेपर्यंत कॉल्सची साखळी उलगडून गेलेली असते, त्यामुळे 'लुआएल_ट्रेसबॅक' (त्या साखळीची नोंद) हँडलरच्या आतच घ्यायचा. आधी हँडलर पुश करा, मग फंक्शन, मग आर्ग्युमेंट्स. एरर आली तर शेवटी स्टॅकवर हँडलर आणि एरर व्हॅल्यू उरतात. दोन्ही पॉप करा. हे राहून गेलं की प्रत्येक कॉलला स्टॅक वाढतो. हमी फक्त २० जागांची असते आणि 'लुआ_चेकस्टॅक' न करता त्यापुढे पुश केलं तर मेमरीच बिघडते. (मेमरी संपल्याच्या एररला हँडलर चालतच नाही, हेही ध्यानात असू द्या.)

एरर व्हॅल्यू स्ट्रिंगच असेल असं नाही. स्क्रिप्टने टेबल फेकलं तर 'लुआ_टुस्ट्रिंग' नल देतो आणि तो तसाच प्रिंटएफला दिला तर क्रॅश होऊ शकतो. त्याऐवजी कुठल्याही व्हॅल्यूची स्ट्रिंग करून देणारं 'लुआएल_टोलस्ट्रिंग' वापरा.

खरी गोची सी++ वाल्यांची. सी म्हणून कंपाइल केलेली लुआ एररला 'लाँगजंप' करते, म्हणजे मधली फंक्शन्स ओलांडून थेट मागे उडी मारते; वस्तू संपताना आवराआवर करणारे डिस्ट्रक्टर चालतीलच याचा भरवसा नाही. लॉक गार्ड (म्युटेक्स, म्हणजे थ्रेड्समधलं कुलूप, आपोआप सोडणारी वस्तू) हातात असताना एरर फेकणारं 'लुआएल_एरर' बोलावलं, तर म्युटेक्स अडकून पडू शकतो. लुआ सी++ म्हणून कंपाइल करा, म्हणजे ती एक्सेप्शन वापरते. नाहीतर अशा वस्तू वेगळ्या ब्लॉकमध्ये संपवून मगच एरर फेका.

अनंत लूप थांबवायला काउंट हुक आहे, म्हणजे ठरावीक इन्स्ट्रक्शन्सनंतर चालणारं फंक्शन. मात्र हुकने फेकलेली एरर स्क्रिप्टमधला पीकॉल गिळू शकतो; मर्यादा ओलांडली की काउंट १ करा, म्हणजे पुढच्याच इन्स्ट्रक्शनला ती पुन्हा येते. लांबलेल्या पॅटर्न मॅचिंगला मात्र हा हुक थांबवू शकत नाही, कारण ते काम सी कोडमध्ये होतं आणि तिथे हुक चालतच नाही.