अमेरिका, जर्मनी की जपान? पॅकेज बाजूला ठेवा, तासाचा भाव काढा

वर्षाचं पॅकेज बघून देश निवडायचा तर अमेरिका डोळे झाकून जिंकते. पण चाकणला पाच-सात वर्षं डिझाइनमध्ये काढलेला इंजिनिअर तिन्हीकडे अर्ज टाकत असेल, तर त्याने आधी तासाचा हिशोब मांडावा.

ओईसीडी या प्रामुख्याने श्रीमंत देशांच्या संघटनेच्या आकड्यांत माणशी वर्षाचे कामाचे तास अमेरिकेत सुमारे १,८००, जपानमध्ये १,६००, तर जर्मनीत १,३५०च्या आसपास. यावरून जर्मन माणसाला आळशी ठरवणारे पुष्कळ भेटतात. मेख अशी की तिथे अर्धवेळ काम करणारे, त्यातही बायका, खूप आहेत. त्यामुळे सरासरी खाली येते. तुम्ही पूर्णवेळ जाणार, तेव्हा तुमचं गणित वेगळं.

समजा अमेरिकेत ९६,००० डॉलर मिळतायत, दहा दिवस रजा आणि दहा सुट्ट्या. म्हणजे २४० दिवस, १,९२० तास, तासाला ५० डॉलर. जर्मनीत ६०,००० युरो, तीस दिवस रजा, दहा सुट्ट्या, म्हणजे २२० दिवस. आठवडा ४० तासांचा असेल तर तासाला ३४ युरो. धातू उद्योगातल्या युनियन करारात आठवडा ३५ तासांचा असतो, तिथे ३९. अमेरिका अजूनही पुढेच, पण वर्षाच्या आकड्यात दिसत होती तेवढी दरी राहिली नाही. शिवाय अमेरिकेचा केंद्रीय कायदा एका दिवसाच्याही पगारी रजेची सक्ती करत नाही. कंपनी देईल ती रजा.

हातात काय येतं? सरासरी पगाराच्या एकट्या माणसाचे जर्मनीत एक तृतीयांशाहून जास्त कापले जातात, अमेरिकेत साधारण पाव. पहिली पगारपावती बघून जर्मनीत पोटात गोळा येतोच. पण त्या कपातीत आरोग्य विमा आलेला असतो आणि सरकारी विम्यात न कमावणारा जोडीदार व मुलं जादा हप्त्याशिवाय बसतात. अमेरिकेत कुटुंबाच्या विम्याचा हप्ता वेगळा, वर डिडक्टिबल, म्हणजे विमा पैसे द्यायला लागण्याआधी आपल्या खिशातून भरायची रक्कम. एकटे असाल तर अमेरिका परवडते; दोन मुलं असतील तर मी जर्मनीकडे झुकेन.

उत्पादकतेत, म्हणजे कामाच्या एका तासामागे देश किती मूल्य निर्माण करतो यात, अमेरिका आणि जर्मनी जवळजवळ आहेत, जपान मात्र जी-७ देशांत कायम तळाला. तिथला मोटार कारखाना जगाला धडे देतो. घोडं अडतं ते ऑफिसांत आणि सेवाक्षेत्रात. एकाच कागदावर पाच जणांचे शिक्के, बैठकीच्या आधीची बैठक, साहेब उठेपर्यंत खुर्ची न सोडणं. एप्रिल २०१९पासून ओव्हरटाइमला महिन्याला ४५ आणि वर्षाला ३६० तासांची मर्यादा आली (पळवाटा आहेतच). २०२४च्या वसंतातल्या पगाराच्या वाटाघाटींत मोठ्या कंपन्यांनी ५ टक्क्यांवर पगारवाढ दिली, तीस वर्षांतली सर्वांत मोठी. पण २०२१मध्ये डॉलरला ११० येन होते, २०२४मध्ये १६० झाले. घरी पैसे पाठवणाऱ्याची वाढ त्यातच गेली.

आणि हो, उत्पादकतेच्या यादीत आयर्लंड वर दिसला म्हणून तिकडे धावू नका. बहुराष्ट्रीय कंपन्यांचा नफा तिथे नोंदला जातो म्हणून तो आकडा फुगतो, तुमचा पगार नव्हे.

टिकून राहण्याचं काय? अमेरिकेत एच-१बी या कामाच्या व्हिसाच्या वर्षाला ८५,००० जागा, त्यात नंबर लागायला हवा, आणि पुढे ग्रीन कार्डाची भारतीयांची रांग वर्षानुवर्षांची. जर्मनीत ब्लू कार्डवाल्याला (उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांचा परवाना) बी-१, म्हणजे मध्यम पातळीचं जर्मन येत असेल तर २१ महिन्यांत कायमचा परवाना मिळू शकतो. जपानमध्ये शिक्षण, अनुभव, पगार यांना गुण देणाऱ्या पद्धतीत ८० गुण मिळाले तर वर्षभरात कायमच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. पेन्शनचाही विचार करा. भारताचा सामाजिक सुरक्षा करार (दोन्ही देशांतला पेन्शनचा काळ एकत्र धरणारा) जर्मनी आणि जपानशी आहे, अमेरिकेशी नाही. तिथे ४० तिमाह्या, म्हणजे दहा वर्षं, भरायच्या आधी परतलात तर भरलेल्या पैशांवर पेन्शनचा हक्क नाही.

ऑफर लेटर आलं की जर्मन कंपनीला विचारा, युनियनचा करार लागू आहे का आणि आठवडा किती तासांचा. अमेरिकन कंपनीला कुटुंबाच्या विम्याचा हप्ता आणि डिडक्टिबल विचारा. जपानी पत्रात ‘मिनाशी झांग्यो’ शोधा: पगारात ठरावीक तासांचा ओव्हरटाइम आधीच धरलेला असतो, आणि तो वजा केला की मूळ पगार बराच खाली उतरतो.