पिअर्सनवर पीआर म्हणून उतरताना: इमिग्रेशन, दागिन्यांची यादी आणि मदतीचं टेबल

टोरोंटोच्या पिअर्सन विमानतळावर इमिग्रेशन उरकलं की वाटेत नव्या पीआर (पर्मनंट रेसिडेंट, म्हणजे कॅनडात कायमचं राहायची परवानगी मिळालेल्या) लोकांसाठी एक मदतीचं टेबल लागतं. तिथे पैसे पडत नाहीत, अपॉइंटमेंट लागत नाही. तरी आमच्या डोळ्यांदेखत कितीतरी कुटुंबं तिकडे वळूनही न बघता निघून गेली. घाई असते, पोरं पेंगुळलेली असतात, बाहेर कुणीतरी ताटकळत उभं असतं, सगळं मान्य. पण तिथे थोडा वेळ दिला तर पुढचे दोन आठवडे फार सोपे जातात. गावाकडून निघणारे बरेच जण मला फोन करून विचारतात, ‘ताई, विमानतळावर नक्की काय काय होतं?’ त्यांच्यासाठी हे एकदाच सविस्तर लिहितेय.

आम्ही कोल्हापूरचे. मी, नवरा आणि सहा वर्षांची लेक, जानेवारीच्या थंडीत टर्मिनल १ ला उतरलो. पीआरच्या अर्जात मुख्य अर्जदार मी होते. अशा वेळी नवरा आणि मुलं माझ्यासोबत किंवा माझ्यानंतर येऊ शकतात, माझ्या आधी नाही. आमच्या ओळखीतल्या एका घरात आधी नवऱ्याला पाठवून घर शोधायचा बेत चालला होता आणि मुख्य अर्जदार होती बायको. वेळेवर कळलं म्हणून तिकिटं बदलता आली.

विमानात बसायच्या आधी एक काम करून ठेवा. अराईव्हकॅन ॲपमध्ये कस्टम्सचं डिक्लरेशन उतरण्याच्या ७२ तास आधीपासून भरता येतं. ते भरलेलं असलं की विमानतळावरच्या किऑस्कपुढे, म्हणजे पासपोर्ट तपासणाऱ्या यंत्रापुढे, पोराला कडेवर घेऊन प्रश्न वाचत बसावं लागत नाही. किऑस्कवर पासपोर्ट स्कॅन होतो, फोटो निघतो, पावती येते. ती पावती आणि कागद ऑफिसरला दाखवले की नव्या पीआर लोकांना इमिग्रेशनच्या वेगळ्या हॉलमध्ये पाठवतात.

या हॉलमध्ये स्टडी परमिटवाले, वर्क परमिटवाले आणि आपण, सगळे एकत्र असतो. ऑगस्ट संपताना आणि जानेवारीच्या सुरुवातीला कॉलेजं सुरू होतात, त्यामुळे तेव्हा विद्यार्थ्यांची गर्दी असणार हे धरूनच चाला. मुलांसाठी खाऊ, चित्रकलेची वही आणि पाण्याची रिकामी बाटली हातातल्या बॅगेत ठेवा. कागदांची फाइलही हातातच हवी. सामानाचा पट्टा या हॉलच्या पुढे असतो, त्यामुळे चेक-इन बॅगेत टाकलेला कागद इथे काही कामाचा नाही.

फाइलमध्ये सगळ्यांत वर ठेवायचा तो सीओपीआर, म्हणजे पीआर मंजूर झाल्याचा कागद. तो प्रत्येकाचा वेगळा असतो, लहान मुलाचासुद्धा. त्यावरची तारीख बहुधा मेडिकलच्या किंवा पासपोर्टच्या मुदतीवरून ठरते आणि त्या तारखेच्या आत उतरावंच लागतं. त्यावर घरून सही करून आणू नका, सही ऑफिसरसमोर करायची असते.

आमच्या वेळी काउंटरवर एक मध्यमवयीन बाई होत्या. त्यांनी आधी लेकीला नाव विचारलं, मग माझ्याकडे वळल्या. प्रश्न थोडेच होते, पण नेमके. कधी गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का, कुठल्या देशाने कधी प्रवेश नाकारला आहे का, अर्ज केल्यानंतर कुटुंबात काही बदल झाला आहे का, सोबत किती पैसे आहेत. कुटुंबाबद्दलचा प्रश्न साधा वाटला तरी तो सर्वांत महत्त्वाचा आहे. मधल्या काळात लग्न झालं असेल, मूल झालं असेल, घटस्फोट झाला असेल, तर तिथे पोहोचायच्या आधीच इमिग्रेशन खात्याला कळवायला हवं. पैशांबद्दल विचारलं तेव्हा मी बँकेचं पत्र पुढे केलं. त्यांनी ते वाचून परत दिलं. मग सीओपीआर माझ्याकडे फिरवून पेनाच्या टोकाने सहीची जागा दाखवली. लेकीच्या कागदावर मी सही केली. ‘वेलकम टू कॅनडा’ म्हणून त्यांनी तिघांचे पासपोर्ट एकावर एक रचून हातात दिले, तेव्हा नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांची धावपळ त्या एका सहीत उतरली होती.

तिथेच पीआर कार्डासाठी पत्ता विचारतात. मित्राचा किंवा नातेवाइकाचा पत्ता चालतो. पक्का पत्ता नसेल तर नंतर ऑनलाइन कळवता येतो, मात्र १८० दिवसांच्या आत. तेवढे दिवस उलटले तर कार्डासाठी फी भरून नव्याने अर्ज करावा लागतो. ‘सॉफ्ट लँडिंग’ करून, म्हणजे फक्त पीआरचं काम उरकण्यापुरतं येऊन, लगेच भारतात परतणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: कार्ड पोस्टाने कॅनडातल्या पत्त्यावर येतं आणि ते जवळ नसेल तर परतीच्या विमानात बसवत नाहीत. मग भारतातून पीआर ट्रॅव्हल डॉक्युमेंटसाठी वेगळा अर्ज करणं आलं.

आता सामानाच्या यादीबद्दल. यावर फारसं कुणी बोलत नाही. निघण्याआधी एका सल्लागाराने आम्हाला ठामपणे सांगितलं होतं की यादीबिदीचं काही नसतं, कस्टम्सवाले हात हलवून सोडून देतात. फी घेऊन असा सल्ला देणं मला अजिबात पटलं नाही. नियम असा आहे की पहिल्यांदा स्थायिक व्हायला येताना आपलं वापरातलं सामान करमुक्त आणता येतं, पण त्याची यादी द्यावी लागते. एक यादी सोबत आणलेल्या सामानाची आणि दुसरी मागाहून येणाऱ्या सामानाची. या दुसऱ्या यादीला तिथे ‘गुड्स टू फॉलो’ म्हणतात. फॉर्मचा नंबर बीएसएफ१८६, जुने लोक त्याला अजून बी४ म्हणतात. मागाहून आणायची वस्तू या यादीत नसेल, तर पुढे ती आणताना त्यावर कर लागू शकतो.

आपल्या घरांत ही वस्तू म्हणजे दागिने. कुठल्याही मराठी बाईला विचारा, सगळं सोनं पहिल्याच फेरीत घेऊन कुणी येत नाही. मी मंगळसूत्र, दोन पाटल्या आणि कानातलं एवढंच घालून आले. ठुशी, कोल्हापुरी साज, बोरमाळ आणि आजीची मोत्यांची नथ आईकडे लॉकरमध्ये राहिली. या साऱ्यांसाठी मी गुजरीतल्या आमच्या नेहमीच्या सराफाकडे जाऊन त्यांच्या लेटरहेडवर इंग्रजीत वजन आणि किंमत लिहून घेतली. प्रत्येक दागिन्याचा पांढऱ्या कापडावर ठेवून फोटो काढला आणि फोटोमागे यादीतला क्रमांक टाकला. नावाऐवजी वर्णन लिहिलं: सोन्याचा गळ्यालगतचा हार, वजन इतकं, साखळीचे पदर इतके. ऑफिसरला साज म्हणजे काय ते माहीत असायची गरज नाही, पण फोटोतली वस्तू आणि कागदावरची ओळ जुळली पाहिजे.

कस्टम्सच्या काउंटरवरच्या तरुण ऑफिसरने यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. नथीच्या फोटोवर तो थांबला आणि ही कुठे घालतात असं विचारलं. मी नाकाकडे बोट केलं. तो हसला, शिक्का मारला आणि एक प्रत परत दिली. ती प्रत मी पासपोर्टइतकीच जपून ठेवली आहे. दोन वर्षांनी आई येताना दागिने घेऊन येईल की मी जाऊन आणेन हे ठरलेलं नाही, पण माझ्या नावावर कागद आहे याचा मोठा आधार वाटतो.

याच नियमातलं आणखी थोडं. एखाद्या वस्तूची किंमत १०,००० कॅनेडियन डॉलरच्या वर असेल तर वरच्या रकमेवर कर लागतो. करमुक्त आणलेली वस्तू १२ महिन्यांच्या आत विकली तर कर भरावा लागतो. १०,००० डॉलर किंवा त्याहून जास्त रक्कम सोबत असेल, मग ती रोख असो की बँक ड्राफ्ट, ती सांगावीच लागते. त्यावर कर नसतो आणि किती आणावी याला मर्यादाही नाही, फक्त लपवायची नाही. खाण्याच्या वस्तूंचंही तसंच. माझ्या बॅगेत कांदा-लसूण मसाला, पापड आणि भाजणी होती. डिक्लरेशनमध्ये ‘हो’ लिहिलं, विचारल्यावर काय आहे ते सांगितलं, तेवढ्यावर भागलं. मातीसकट रोप आणू नका, अंगणातल्या तुळशीचंसुद्धा. औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरच्या चिठ्ठीसह आणा. स्वतःपुरतं ९० दिवसांपर्यंतचं औषध आणता येतं.

आणि आता ते टेबल. ही सेवा पॉलिकल्चरल इमिग्रंट अँड कम्युनिटी सर्व्हिसेस ही संस्था चालवते, खर्च कॅनडाचं इमिग्रेशन खातं करतं. तिथल्या बाईंनी आधी विचारलं, ‘राहणार कुठे?’ आम्ही टोरोंटोशेजारचं मिसिसागा सांगितल्यावर त्यांनी त्या भागाची माहिती असलेलं पाकीट काढलं. माझं इंग्रजी चांगलं आहे, पण इतक्या लांबच्या प्रवासानंतर डोकं चालत नव्हतं. ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्या आपणहून हिंदीत बोलू लागल्या. त्या क्षणी खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

त्यांनी पाकिटातले कागद नुसते हातात दिले नाहीत, तर कुठलं काम आधी आणि कुठलं नंतर हे पेनाने क्रमांक टाकून दिलं. पहिलं सिन, म्हणजे सोशल इन्शुरन्स नंबर. हा नऊ आकडी नंबर नसेल तर नोकरीचा पगार सुरू होत नाही. तो सर्व्हिस कॅनडाच्या सरकारी कार्यालयात किंवा ऑनलाइन फुकट मिळतो, कुणी पैसे मागितले तर देऊ नका. दुसरं बँकेचं खातं. तिसरं ओहिप, म्हणजे ओंटारिओ प्रांताच्या सरकारी आरोग्य विम्याचं हेल्थ कार्ड. त्यासाठी पूर्वी तीन महिने थांबावं लागायचं, ती अट २०२० पासून नाही. आमच्या मनात अजून ते तीन महिनेच होते आणि तेवढ्या काळाचा खाजगी विमा घ्यायचं आम्ही ठरवलं होतं. ते पैसे या टेबलाने वाचवले. चौथं शाळा. लेकीच्या लसीकरणाचं पुस्तक शाळेत लागेल, असं त्यांनी बजावून सांगितलं.

सर्वांत उपयोगी ठरला तो आमच्या भागातल्या सेटलमेंट संस्थेचा पत्ता. या संस्थांमध्ये पीआर लोकांना बायोडेटा कसा लिहावा, भारतातल्या पदवीचं मूल्यांकन कुठे करावं, इंग्रजीचे वर्ग कुठे चालतात, हे सगळं विनामूल्य सांगतात. मी भारतात फार्मासिस्ट होते. इथे परवान्यासाठी कुठून सुरुवात करायची हे मला तिथे पहिल्या भेटीतच नीट कळलं. इंटरनेटवर हीच माहिती पडलेली आहे, नाही असं नाही. पण समोर बसलेलं माणूस तुमच्या तोंडाकडे बघून ‘हे आज नको, हे उद्या करा’ म्हणतं, ते इंटरनेट म्हणत नाही.

म्हणून माझ्याकडून या टेबलाला पैकीच्या पैकी गुण. एक सूचना मात्र आहे: तुम्ही जाल तेव्हा प्रश्न लिहून न्या. त्या वेळी आपल्याला काय विचारायचं हे सुचत नाही, आणि तिथली माणसं विचाराल तेवढं सगळं सांगतात.

बाहेर पडायचं तर यूपी एक्सप्रेस ही ट्रेन टर्मिनल १ वरूनच सुटते आणि २५ मिनिटांत डाउनटाउनच्या युनियन स्टेशनला पोहोचवते. टर्मिनल ३ वाल्यांनी दोन टर्मिनलांमधली फुकटची छोटी ट्रेन धरावी. पण मिसिसागा, ब्रॅम्प्टनला जाणाऱ्या आणि चार-सहा मोठ्या बॅगा असलेल्या कुटुंबाने सरळ टॅक्सी करावी, विमानतळाच्या टॅक्सींचे भाडे विभागवार ठरलेले आहेत. कुणी ओळखीचं घ्यायला येणार असेल आणि सोबत लहान मूल असेल, तर त्यांना आधीच मुलाच्या वजन-उंचीला साजेशी कार सीट किंवा बूस्टर सीट आणायला सांगा. ओंटारिओत आठ वर्षांखालच्या बहुतेक मुलांना यांपैकी एक लागते, अगदी लहानग्यांना नुसती बूस्टर सीट चालत नाही. थंडीत येत असाल तर जॅकेट, टोपी, हातमोजे हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनमध्ये नको.

ज्यांना पिअर्सनवरून पुढे कॅलगरी, हॅलिफॅक्स असं कुठे जायचं आहे त्यांनी दोन विमानांमध्ये भरपूर वेळ ठेवावा. लँडिंगचं सगळं काम कॅनडातल्या पहिल्या विमानतळावरच होतं. कस्टम्ससाठी बॅगाही बऱ्याचदा इथेच घ्याव्या लागतात आणि पुढच्या विमानासाठी परत टाकाव्या लागतात. दीड-दोन तासांचं कनेक्शन स्वस्त दिसलं तरी घेऊ नका. आणि थेट व्हँकुव्हरला उतरणार असाल तर तिथेही नव्या पीआर लोकांसाठी अशीच सेवा आहे, ती सक्सेस नावाची संस्था चालवते. तिथेही थांबा.