विकायला सजवलेलं घर की भाड्याला बांधलेलं?

जुनं घर जरा स्वस्तात मिळतंय आणि हाताशी थोडे पैसे आहेत, अशा वेळी पुढचा प्रश्न येतोच: दुरुस्त करून विकून मोकळं व्हायचं, की भाडेकरू ठेवायचा? मी दोन्ही केलंय, पण एकेकदाच. तेव्हा हे दोन घरांचं शहाणपण आहे, तेवढंच धरा.

कागदावर विक्री जिंकते, हे आधीच कबूल करतो. तिथे हिशोब उलटा करत यायचा. दुरुस्तीनंतर घर १०० ला जाईल असं वाटत असेल, तर त्याचे ७० टक्के धरायचे, त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करायचा आणि उरेल त्याच्या वर खरेदीला जायचं नाही. दुरुस्ती १५ ची असेल, तर खरेदी ५५ पर्यंत. उरलेले ३० नफ्यासारखे दिसतात, पण नोंदणी, दलाली, कर आणि व्याज सगळे त्यातच जेवायला बसतात. भाड्यासाठीही असाच एक आडाखा आहे, महिन्याचं भाडं गुंतवणुकीच्या १ टक्का यावं असा. पुष्कळ ठिकाणी त्याच्या जवळपासही काही येत नाही. मी सरळ अकरा महिन्यांचं भाडं धरलं, कारण वर्षात एक महिना घर रिकामं राहिलं की ८ टक्क्यांहून जास्त उत्पन्न गेलं. त्यातून देखभाल आणि कर काढले. आलेला आकडा बघून बायको म्हणाली, हे पैसे बँकेत ठेवले असते तर निदान रंगाचा वास तरी आला नसता.

कामाचं स्वरूपही बदलतं. विकायच्या घरात पैसा दिसेल तिथे घालावा लागतो: ओटा, फरशी, दर्शनी भिंत. त्यातही गंमत अशी की माझ्याकडे आलेल्या एका जोडप्याने नवाकोरा ओटा बघून आपसांत ठरवलं, की हा तर आपण तोडायचाच. भाड्याच्या घरात उलट, जिथे कुणी बघत नाही तिथे खर्च करावासा वाटतो. जुने लोखंडी पाइप आतून गंजून अरुंद झालेले असतात, ते बदलले. न्हाणीघराची फरशी बसवण्याआधी दोन दिवस पाणी तुंबवून ठेवलं आणि खालच्या छताला ओल येते का ते पाहिलं. भिंतीला लोणा लागलेला असताना वरून पुट्टी फिरवली, तर पोपडे पुन्हा सुटणार आणि फोन मलाच येणार, ही भीती चांगली कामं करून घेते. अंदाजाच्या वर १५-२० टक्के राखून ठेवायला दोन्हीकडे लागतात. माझे दोन्हीकडे संपले.

पण माझा कल ठरवला तो एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीने. विकायचं घर तयार झालं आणि गिऱ्हाइकाची वाट बघत बंद राहिलं. पहिले दोन-तीन आठवडे काही नाही. मग एका रविवारी घर दाखवायला दार उघडलं, तर आत गटाराचा दर्प. नवा रंग, नवी फरशी आणि वास मात्र तुंबलेल्या नाल्याचा. आलेले लोक सभ्य होते; खिडकीतून बाहेर बघत ‘कळवतो’ म्हणाले आणि गेले. मला वाटलं ड्रेनेजचं काम फसलं. प्लंबरने येऊन पाच मिनिटांत सांगितलं की कामात काही दोष नाही. नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे न्हाणीघराच्या जाळीखालच्या खोलगट भागात, साधारण दोन इंच पाणी साठून राहतं, तेच गटारातली हवा अडवतं. वापर नसला की ते उडून जातं, आणि मग वास आणि झुरळं दोघांनाही वाट मोकळी.

तेव्हापासून दर आठवड्याला मी गाडी काढून फक्त पाणी ओतायला जायचो. दोन न्हाणीघरं, ओटा, मागची मोरी. पाण्यावर थोडं तेल सोडलं की ते सावकाश उडतं हेही कळलं, पण खाडा करायचा धीर झाला नाही. कर्जावरचं व्याज चालूच होतं. ते खुपलंच, पण व्याज घरबसल्या भरता येतं. हे तसं नव्हतं. सातव्या महिन्यात घर गेलं. नफा झाला, वाईट नाही. महिन्यांनी भागून बघायचं मी टाळलंय.

भाड्याच्या घरात हा प्रश्नच नाही. भाडेकरू बाकी काही करो न करो, आंघोळ रोज करतो. नळ गळला तर दुसऱ्या दिवशी कळवतो, तेही बहुधा मी जेवायला बसल्यावर. रिकाम्या घरातली गळती मात्र आपण जाऊ तेव्हाच दिसते. घर सोडताना अनामत रकमेवरून कुरबुर होते, दर दोन-तीन वर्षांनी रंग द्यावा लागतो, आणि एखादा भाडेकरू त्रासदायक निघू शकतो. माझ्या वाट्याला अजून आलेला नाही, हे माझं नशीब असेल.

तुमचा पैसा दुसरीकडे लवकर हवा असेल, किंवा सांगितलेल्या तारखेला माणसं पाठवणारा कंत्राटदार हाताशी असेल, तर विक्रीचं गणित तुमच्यासाठी वेगळं येऊ शकतं. फक्त ठरवण्याआधी त्या घराच्या आसपास राहणारं कुणी तरी बघून ठेवा. आठवड्यातून एकदा चार ठिकाणी तांब्याभर पाणी ओतायचंय.