रेटिनॉल: आठ महिन्यांच्या वापरानंतर

कपाळावरचे बारीक, न पिकणारे पुरळ आणि हनुवटीवर मुरुमांनी मागे ठेवलेले काळपट डाग, या दोन कारणांसाठी मी आठ महिन्यांपूर्वी ०.३ टक्के रेटिनॉलचे क्रीम आणले. रेटिनॉल हे अ जीवनसत्त्वाचे रूप आहे. त्वचेत त्याचे आधी रेटिनाल्डिहाइड आणि मग रेटिनोइक आम्ल होते, आणि पेशींवर प्रत्यक्ष काम करते ते हे आम्ल. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारे ट्रेटिनॉइन म्हणजे तेच आम्ल असल्याने ते अधिक प्रभावी आणि अधिक दाहक असते, तर रेटिनॉलचा गुण सावकाश येतो.

हे ठाऊक असूनही मी घाई केली. पहिला आठवडाभर रोज रात्री, तेही चेहरा धुतल्याबरोबर ओलसर त्वचेवर लावले. सहाव्या दिवशी नाकपुड्यांच्या कडेला पापुद्रे सुटले, नुसते पाणी लागले तरी चुरचुरू लागले आणि इतकी वर्षे सोसलेले मॉइश्चरायझरसुद्धा झोंबू लागले. सगळे बंद करून त्वचा पूर्ववत व्हायला दोन आठवडे गेले.

दुसऱ्यांदा सुरुवात केली ती आठवड्यातून दोनच रात्री. चेहरा पूर्ण कोरडा होऊ द्यायचा, नाकपुड्यांच्या आणि ओठांच्या कोपऱ्यांना पेट्रोलियम जेली लावायची, मग मॉइश्चरायझरचा पातळ थर, त्यावर संपूर्ण चेहऱ्यासाठी वाटाण्याएवढेच रेटिनॉल आणि शेवटी पुन्हा मॉइश्चरायझर. त्या रात्री ग्लायकोलिक आम्लासारखे, मृत त्वचा काढणारे दुसरे काही लावायचे नाही.

तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात कपाळावर पुरळ वाढले आणि माझा धीर सुटत आला होता. मात्र ते नेहमीच्याच जागी येत होते आणि लवकर बसत होते, म्हणून ही रेटिनॉलची सुरुवातीची तात्पुरती प्रतिक्रिया समजून मी थांबले नाही. गालांवर, जिथे मला कधीच काही येत नाही, तिथे लाली आली असती तर नक्की थांबले असते. तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस तोंड धुताना कपाळ बोटांना प्रथमच गुळगुळीत लागले. डाग फिके व्हायला पाचवा महिना उजाडला, आणि त्याचे निम्मे श्रेय मी सकाळच्या एसपीएफ ५० सनस्क्रीनला देईन, कारण उन्हाने डाग पुन्हा गडद होतात. डोळ्यांभोवतीच्या बारीक रेषांत मला अजून फरक दिसलेला नाही.

गरोदर असणाऱ्यांनी किंवा तसा विचार असणाऱ्यांनी रेटिनॉल वापरू नये. सध्या मी ते एकाआड एक रात्री लावते आणि त्वचा ताणल्यासारखी वाटली की एक रात्र वगळते.