मोफत ध्यानवर्ग ते पंचकशांती: आईला कसं लुबाडलं

घरातलं ज्येष्ठ माणूस एखाद्या ऑनलाइन ध्यानवर्गाला बसत असेल, तर तिथे कोणी घरातल्या गेलेल्या माणसाची तारीख-वेळ विचारली का, एवढं त्यांना आजच विचारा. आमच्याकडे फसवणूक तिथून सुरू झाली. पैसे जायला लागले ते बरंच नंतर.

आई सत्तरीची. बाबा गेल्यावर सांगलीचं घर बंद करून ती आमच्याकडे पुण्याला आली. सांगलीत संध्याकाळी गल्लीतल्या मारुतीच्या देवळात बायकांचा हरिपाठ असायचा, एकादशीला भजन, मधूनच कोणाकडे तरी पारायण. खर्च म्हणाल तर पेटीवाल्यांच्या चहाचा. पुण्यात आमच्या सोसायटीत जिम आहे, पोहायचा तलाव आहे, टाळ मात्र कुठे वाजत नाहीत. आम्ही दोघं ऑफिसात, मुलगा क्लासला. दिवस तिला खायला उठायचा. अशात एका जुन्या मैत्रिणीने व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली: रोज पहाटे ध्यान आणि नामस्मरण, संपूर्ण मोफत. (त्या मावशींना बोल लावायचं कारण नाही. त्यांचेही पैसे गेलेत.)

सुरुवातीला सगळं खरंच छान होतं, हे मुद्दाम सांगते. ओंकार, श्वासावर लक्ष, थोडं प्रवचन. आई ताजीतवानी दिसायची, झोप लागते म्हणायची. ग्रुपवर सगळे एकमेकांना 'माऊली' म्हणायचे. वारकरी घरातल्या बाईला त्यात परकं काय वाटणार? मग नोंदणीचे म्हणून 51 रुपये मागितले. 51 रुपयांना कोणी नाही म्हणत नाही, आणि ते त्यांनाही माहीत असतं. त्या रकमेतून त्यांना फक्त एवढंच कळून घ्यायचं असतं की या आजींना मोबाइलवरून पैसे पाठवता येतात. सोबत एक फॉर्म होता. जन्मतारीख, घरात कोण कोण, नातवंडांची नावं आणि 'दिवंगतांसाठी सामूहिक प्रार्थना' या मथळ्याखाली गेलेल्या माणसाचं नाव, तारीख, वेळ.

काही दिवसांनी 'सेवेकरी' म्हणवणाऱ्या एका बाईंचा आईला फोन आला. आवाज अगदी मायाळू. "माऊली, गुरुदेवांना ध्यानात दिसलं. काका पंचकात गेले ना? त्या वेळी शांत झाली नाही. आता घरातल्या धाकट्यावर येतंय." धाकटा म्हणजे माझा मुलगा. त्याचं नाव घेऊन सांगितलं. आई हादरली नसती तरच नवल.

पंचकाचं गणित मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून इथे लिहिते. धनिष्ठा नक्षत्राच्या उत्तरार्धापासून रेवती नक्षत्रापर्यंत चंद्र असतो तो काळ पंचक. त्यात मृत्यू झाला तर घरावर दोष येतो असं मानतात, आणि तो घालवायचा विधी म्हणजे शांत. चंद्र सगळी 27 नक्षत्रं साधारण महिन्याभरात फिरून येतो, म्हणजे पंचक दर महिन्याला येतंच. ढोबळमानाने सहांतला एक मृत्यू पंचकात पडणार. पंचकात नसेल तर 'त्रिपाद नक्षत्र' हा दुसरा दोष काढतात, तेही नसेल तर पितृदोष. कुठलीही तारीख भरून द्या, तिच्यावर एखादा दोष सापडतोच. आणि तारीख तर आपणच फॉर्ममध्ये लिहून दिलेली असते. गुरुदेवांना ध्यानात दिसलं ते हे.

मग आकडे चढत गेले. ऑनलाइन पंचकशांत 7,100. 'सिद्ध केलेला' एकमुखी रुद्राक्ष 11,500. मग अनुष्ठान, 21,000. तेही अर्धवट सोडलं तर उलटतं म्हणून पुन्हा तेवढेच. प्रत्येक वेळी पैसे वेगळ्याच माणसाच्या खात्यावर, कधी कुठल्या तरी किराणा दुकानाच्या क्यूआर कोडवर. आणि प्रत्येक फोनच्या शेवटी एकच वाक्य: "घरात कोणाला सांगू नका माऊली, फळ जातं." मला विचाराल तर लबाडी ओळखायला एवढं वाक्य पुरे आहे. सांगलीच्या देवळात पोथी लागायची तेव्हा अख्ख्या गल्लीला आवतण असायचं. लपवून करायची भक्ती आमच्याकडे कधी नव्हती.

आम्हाला कळलं ते आईच्या नव्या मोबाइलमुळे. जुना बंद पडला म्हणून नवा घेतला, त्यात यूपीआय चालू केलं, आणि संध्याकाळी ती म्हणाली, "अगं, पाच हजारांच्या वर का जात नाही हे?" नव्या फोनवर पहिले 24 तास ही मर्यादा असते. एवढे कोणाला पाठवायचेत, असं विचारल्यावर आधी ती गप्प बसली, मग रडली, मग सगळं बाहेर आलं. सगळे मिळून साठ हजारांवर गेले होते. बाबांच्या पेन्शनचे.

त्याच रात्री मी सांगलीच्या आमच्या गुरुजींना फोन लावला. बाबांचं दहावं-तेरावं त्यांनीच केलेलं. त्यांनी पंचांग काढून पाहिलं. "पंचक नव्हतं ताई. असतं तर दहनाच्या वेळीच दर्भाचे पुतळे करून विधी केला असता, तो नंतर फोनवरून करायचा प्रकार नव्हे." दक्षिणा किती द्यायची, असं बाबांच्या वेळी विचारलं तेव्हा हेच गुरुजी 'तुम्हाला जमेल ते' म्हणाले होते. माझा स्वतःचा या दोषांवर फारसा विश्वास नाही. पण आईची भीती माझ्या तर्काने गेली नसती, ती गुरुजींच्या पंचांगाने गेली. घरातल्या माणसाला 'कशाला असल्या अंधश्रद्धा' म्हणून झापण्याआधी हे ध्यानात घ्या. झापलं की माणूस पुन्हा त्या मायाळू आवाजाकडेच जातो.

रुद्राक्षाची गंमत वेगळीच. मखमली डबी, वर 'लॅब सर्टिफिकेट'. रुद्राक्ष ही एका झाडाच्या फळातली आठी. आत कप्पे असतात, बी असते, आणि जितकी मुखं तितके कप्पे. गोल एकमुखी अतिशय दुर्मीळ, म्हणूनच नकलीला ऊत. ओळखीच्या वनस्पतीशास्त्राच्या सरांनी तो आडवा कापला. आत एकही कप्पा नाही, सलग लाकूड, वरून कोरलेलं. पाण्यात बुडतो म्हणून खरा, दोन तांब्याच्या नाण्यांत फिरतो म्हणून खरा, या चाचण्यांवर अजिबात जाऊ नका. आमचा तो लाकडाचा तुकडासुद्धा बुडला होता.

तक्रारीचं थोडक्यात. सायबर फसवणुकीसाठी 1930 हा क्रमांक आहे, तिथे लगेच फोन करा आणि सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार भरा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे पुढच्या खात्यात अडवण्याची शक्यता जास्त. आमचा शेवटचा हप्ता थोडाफार गोठवला गेला, आधीचे पुढे निघून गेले होते. पोलीस ठाण्यात "तुम्ही स्वतःच पाठवलेत ना?" असं ऐकायला मिळू शकतं. घाबरू नका. खोटं सांगून पैसे द्यायला लावणं हीच फसवणूक, भारतीय न्याय संहितेचं कलम 318. शिवाय महाराष्ट्रात 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. अध्यादेश निघाला तो डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर. वारी, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा हात लावत नाही, त्यामुळे तक्रार केली तर देवाचं काही चुकेल ही भीतीही नको. आईला हे दोनदा समजावावं लागलं.

आईची ओढ खोटी नव्हती, म्हणून दुसरी सोय शोधली. पलीकडच्या जुन्या वाडीत विठ्ठलाचं छोटं देऊळ निघालं, तिथे संध्याकाळी हरिपाठ होतो. भजनी मंडळाची वर्गणी महिन्याला 50 रुपये, तीही तबल्याच्या शाईसाठी. एकादशीला बसने आळंदी. पंढरपूरला एसटीत बायकांना अर्धं तिकीट, आणि साध्या दर्शनाच्या रांगेला पैसे लागत नाहीत. लवकर सोडतो म्हणून पैसे मागणारा भेटला तर तोही याच जातीचा समजा. माळ घालायला तुळशीचे मणी काही रुपयांत मिळतात. तिथे किंमत मोजावी लागते ती पथ्याची: मांसाहार सोडा, एकादशी धरा, वारी चुकवू नका. ध्यानच शिकायचं असेल तर इगतपुरीच्या धम्मगिरीवर 10 दिवसांचं विपश्यना शिबिर असतं. राहणं, जेवण, शिकवणं, कशाचेच पैसे घेत नाहीत. दानही घेतात ते एक तरी शिबिर पुरं केलेल्याकडूनच. आधी घाबरवून मग आकडा सांगणं यांतल्या कुठेच नाही.

अजून एक राहिलं. तक्रार केल्यानंतर आईला एक नवा फोन आला: "तुमची केस आमच्याकडे आली आहे, गेलेले पैसे परत मिळवून देतो, फक्त 1,999 प्रोसेसिंग फी भरा." ज्यांचे पैसे गेले आहेत त्यांचे नंबर पुढे विकले जातात, त्यामुळे हा दुसरा फोन येणारच असं धरून चाला. सरकारी यंत्रणा पैसे परत करायला फी घेत नाही. आईने या वेळी फोन माझ्या हातात दिला, आणि तो नंबर आम्ही त्याच तक्रारीत जोडला.